पडद्यावरचा हात

त्या वर्षी तेल अवीवमध्ये जो उठे तो सिनेमा काढत होता. कालपर्यंत संत्र्यांची गाडी लावणाऱ्याचा भाचा आज निर्माता म्हणून मिरवे, आणि अ‍ॅलन्बी रस्त्यावरच्या थिएटरांवर एका पोस्टरची खळ वाळायच्या आत दुसरं पोस्टर चढे. गोष्ट बहुतेक तीच असे. पूर्वेकडून आलेलं गरीब घर, पोलंडकडचं श्रीमंत घर, दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या प्रेमात, मग भांडणं, रुसवे, आणि शेवटी लग्नाचा मंडप. वर्तमानपत्रवाले या सिनेमांना नाक मुरडून ‘बुरेकास’ म्हणत. गाडीवरच्या त्या भाजक्या करंजीसारखे: वरून खुसखुशीत, आत नुसता बटाटा. लोक मात्र रांगा लावत आणि पडद्यावरच्या नवरीसाठी डोळे पुसत.

करेममधल्या येमेनी वस्तीत, बाजारामागच्या गल्लीत, सईदा सन्आनी नवऱ्या सजवून पोट भरी. तिच्याकडे सासूकडून आलेला मोत्यांचा मुकुट होता. उंच, टोकदार, दोन्ही अंगांना फुलं आणि सताप खोचायला जागा. तो डोक्यावर चढला की कुठल्याही मुलीची मान राणीसारखी ताठ होई, कारण वाकवली तर मोडेलशी भीती. नवरा गेल्यापासून सईदा आणि तिची मुलगी हदासा दोघी मिळून हे काम करत. मेंदी हदासाच्या हातची. तिच्या स्वतःच्या उजव्या मनगटावर, शनिवारसाठी रात्रभर भाजायच्या जख्नूनच्या रोट्यांचं तापलेलं भांडं लागून झालेला, चंद्रकोरीसारखा डाग होता.

सिनेमावाले त्या मुकुटासाठी आले. नायिकेचं लग्न येमेनी पद्धतीनं दाखवायचं होतं.

“मला सगळं खरं पाहिजे,” दिग्दर्शक म्हणाला. “खोटं करायचं तर मी पुठ्ठ्याचा मुकुट केला नसता का?”

सगळं खरं म्हणजे सगळंच. थंडीतल्या एका दुपारी जुन्या अंगणात मंडप उभा राहिला. प्रार्थनाघराची देखभाल करणारे मोरी हसन आणि मसाल्याच्या दुकानातले सालेम, दोघे पापभीरू, दाढीवाले, म्हाताऱ्यांत जमा झालेले पुरुष, दिग्दर्शकानं निवडून मंडपाशी उभे केले.

“तुम्ही दोघं साक्षीदार,” तो त्यांना म्हणाला. “नुसतं उभं राहू नका. साक्षीदार बघतात तसं बघा.”

“बघायला बोलावलंय तर बघूच की,” सालेम म्हणाला. “जेवण नक्की आहे ना?”

अडचण नायिकेची झाली. तिनं मुकुट घातला, थोडा वेळ सोसला, आणि मग मान धरून खाली बसली. आपल्याला आता कोणी हात लावू नये, असं तिनं सांगून टाकलं. ऊन उतरत चाललं होतं. दिग्दर्शकाची नजर मुकुट सावरत उभ्या असलेल्या हदासावर पडली.

“तू ये. तुझी मान सरावलेली असेल. तोंडावर पदर राहील, मला फक्त हात हवा.”

हदासानं आईकडे पाहिलं. सईदाच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. “जा गं पोरी. खेळच आहे. तुझ्या डोक्यावर हा कसा दिसतो ते मला तरी बघू दे.”

ती मंडपाखाली गेली. ऐन वेळी सामानातली अंगठी सापडेना. पेट्या उलथ्यापालथ्या झाल्या, उजेड आणखी पिवळा झाला, दिग्दर्शक कपाळ चोळू लागला. तेव्हा नायक झालेल्या गिओरा लिन्डरनं आपल्या करंगळीतली अंगठी काढली. साधी सोन्याची, बिनखड्याची. पदराच्या अगदी जवळ येऊन, ओठ न हलवता तो हदासाला म्हणाला, “जपून हं. आजीची आहे. हरवली तर ती मला कापून काढेल.”

मग त्यानं शिकवलेले शब्द एकही न गाळता म्हटले: या अंगठीनं, मोशे आणि इस्रायलच्या धर्माप्रमाणे, तू मला वाहिलेली आहेस. हदासानं तर्जनी पुढे केली. अंगठी बसली. साक्षीदार बघत होते.

वल्हांडणाचा सण उलटल्यावर सिनेमा लागला. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, आणि अर्धी वस्ती अ‍ॅलन्बीवर लोटली. मंडपाचा प्रसंग आला तेव्हा सईदा शेजारणीला कोपर मारत म्हणाली, “तो हात माझ्या हदासाचा. डाग बघ, डाग.” दुसऱ्या दिवशी तिनं ते बाजारात सांगितलं. मेथी विकणारीला सांगितलं, कोंबडीवाल्याला सांगितलं, नळाशी सांगितलं. आठवडाभरात करेममधल्या पोरांनासुद्धा ठाऊक झालं की पडद्यावर तोंड एकीचं आहे आणि हात दुसरीचा.

झखारिया कोहेन त्या रात्री त्यांच्या मागच्याच रांगेत बसला होता. सोड्याच्या बाटल्यांची गाडी हाकणारा, गल्लीतलाच मुलगा. दोन दिवसांनी तो बाटल्यांचा खोका दारात ठेवून रेंगाळला.

“सईदामावशी, त्या सिनेमात मला एकच गोष्ट आवडली. हात.”

“मग? तिकिटाचे पैसे मागायला आलास?”

“नाही. हातच मागायला आलोय.”

सईदा इतकी हसली की तिला खाटेवर बसावं लागलं. हदासा आतल्या खोलीत मेंदी भिजवत होती. तिनं सगळं ऐकलं आणि भिजवलेली मेंदी पुन्हा भिजवली.

लग्न उन्हाळ्याच्या शेवटी, एलुल महिन्यात करायचं ठरलं. नाव नोंदवायला दोघं रब्बींच्या कचेरीत गेली, तेव्हा खिडकीतला कारकून तिच्या मनगटाकडे बघून हसला.

“तुझं तर लग्न लागलंय, बाई. माझ्या बायकोनं स्वतः बघितलंय. तिकीट काढून.”

तिघंही हसली. कारकुनाला आपली गंमत एवढी आवडली की चहाच्या वेळी त्यानं ती आतल्या न्यायाधीशांनाही ऐकवली. थोरले न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, “साक्षीदार कोण होते?”

पुढच्या आठवड्यात हदासाला धर्मन्यायालयात बोलावणं आलं. थोरल्या न्यायाधीशांनी आयुष्यात सिनेमाघराची पायरी चढलेली नव्हती. पण मोरी हसन आणि सालेम यांना ते ओळखत होते, आणि दोघांनीही शपथेवर, मोठ्या अभिमानानं, काय पाहिलं ते सांगितलं होतं.

“पोरी,” ते हळू आवाजात म्हणाले, “चेष्टेत लावलेलं लग्नसुद्धा लग्न ठरू शकतं. शब्द पुरते होते, साक्षीदार चोख होते, त्यांना साक्षीदार म्हणून नेमलं होतं. आता एकच गोष्ट उरते. अंगठी. ती त्या मुलाच्या मालकीची नसेल तर हे सगळं हवेत विरलं. तू जा आणि लग्न कर. पण ती त्याची असेल, तर तुला त्याच्याकडून घटस्फोट घ्यावा लागेल. नुसत्या शंकेपोटी का होईना.”

“मग घेते,” हदासा म्हणाली. “घेते आणि मग लग्न करते.”

न्यायाधीशांनी दाढीवरून हात फिरवला. “तुझा नवरामुलगा कोहेन आहे ना?”

तेव्हा तिला कळलं. कोहेन म्हणजे पुरोहितांच्या वंशातला. कोहेनाला घटस्फोटित बाई वर्ज्य. ती कितीही निर्दोष असो, घटस्फोट कागदापुरता असो, त्याचा नुसता वास लागला तरी पुरे. इकडे आड, तिकडे विहीर. घटस्फोट घेतला नाही तर ती पडद्यावरच्या परक्याची बायको. घेतला तर झखारियाला कायमची परकी.

घरी सईदानं कपाळ भिंतीला टेकलं. “माझ्या जिभेला किडे पडोत. नळाशी कशाला गं बोलले मी?”

“इम्मा, तू बोलली नसतीस तरी झालं ते झालंच होतं.”

“झालं असतं, पण कुणाला कळलं असतं? कळलं नाही ते झालंच नाही.” आणि मग आवाज अगदी खाली आणून, “अंगठी कुणाची होती, हदासा? सामानातली होती ना?”

हदासानं नकारार्थी मान हलवली. आजीच्या अंगठीबद्दल गिओरानं कुजबुजलेलं वाक्य तिनं आईला सांगितलं. सईदानं मुलीची हनुवटी धरली.

“ते तुला आणि त्याला सोडून कुणी ऐकलंय?”

“नाही.”

“मग जीभ दातांच्या आत ठेव. मी रोज पहाटे स्तोत्रं म्हणते ना? तुझ्या वाटचंही पाप मी मागून घेईन. देव माझ्याशी बोलून घेईल.”

झखारिया दुसऱ्या दिवशी आला तो खोका न घेताच आला. त्यानं त्या आठवड्यात तीन रब्बी गाठले होते, एकाच्या पाया पडला होता. “मी कोहेनपण सोडून देतो म्हणालो,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “ते म्हणाले, अंगातलं रक्त सोडून देशील का.”

हदासानं त्याला अंगठीचं सांगितलं, मग ती दोघं गिओराला शोधायला निघाली. त्याला त्या हंगामात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. यंदाच्या वर्षात त्याचं हे तिसरं लग्न, सगळी पडद्यावर. याफोच्या धक्क्यावर नव्या सिनेमाचं काम चालू होतं. दोन प्रसंगांच्या मधे तो डोक्यावरची टोपी मागे ढकलून त्यांच्याकडे आला. आधी त्याला ती चेष्टा वाटली. मग त्यानं हदासाचा चेहरा पाहिला. त्या दिवशी पदराआडून तो त्याला दिसलाच नव्हता.

“म्हणजे मी तुझा नवरा?”

“शंकेपुरता,” झखारिया दात आवळून म्हणाला.

“ऐक, दोस्त, मला काही नको आहे. मी येतो. काय म्हणायचं ते सांग.”

“अंगठी सामानाच्या पेटीतली होती, एवढंच,” झखारिया म्हणाला.

गिओरानं हदासाकडे पाहिलं. त्याला ते वाक्य आठवत होतं. ते तिला दिसलं. “सोपं आहे,” तो म्हणाला. “याहून अवघड खोटं मी रोज बोलतो.” मग करंगळीत परत गेलेली अंगठी फिरवत, “आजी तशीही वसंतात गेली. तिला विचारायला कोण जाणार आहे.”

त्या दिवसापासून हदासाची स्तोत्रं अडकू लागली. वडील गेल्यावर तिनं नेम धरला होता: पहाटे तोंडात पाणी घ्यायच्या आधी, त्यांच्या रिकाम्या खुर्चीशी उभं राहून दिवसाची स्तोत्रं म्हणायची. आजवर ताप असताना, पाहुणे असताना, दुःखातसुद्धा तो नेम मोडला नव्हता. आता ओळ सुरू होई आणि मधेच घशात बसे. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणे. पुन्हा बसे. खुर्ची काही बोलत नव्हती. वडील जिवंत असतानाही पोरं खोटं बोलली की ते रागवत नसत. नुसते वाट बघत बसत.

न्यायालयात जायच्या सकाळी सईदानं तिच्या बटव्यात सतापाची काडी ठेवली. “लक्षात ठेव. तुला विचारलं तर खाली बघ. नवरीनं खाली बघितलं तर कुणी वावगं म्हणत नाही.”

तिघे न्यायाधीश लांब टेबलामागे बसले होते. गिओरानं डोक्यावर काळी टोपी घातली होती, सिनेमाच्या कपडेवाल्यांकडून आणलेली असावी; ती त्याला अगदी नेमकी बसली होती. त्याला विचारलं गेलं. तो स्वच्छ आवाजात म्हणाला, “अंगठी सामानातली होती. निर्मात्याची. मी काम झाल्यावर परत पेटीत टाकली.”

“नक्की?”

“नक्की.”

थोरले न्यायाधीश मागे टेकले. धाकट्यांनी तर हसून कागद पुढे ओढला. झखारियानं डोळे मिटले, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं हदासाला बाकावरून दिसलं. दाराशी उभी असलेली सईदा ओठ हलवत होती.

“आणि तू, पोरी?” थोरले न्यायाधीश अगदी रिवाज म्हणून म्हणाले. “तुला काही सांगायचंय?”

हदासानं खाली बघितलं. आईनं सांगितलं होतं तसंच. खाली तिचा हात होता, मनगटावर तो डाग. खाली बघून काही होईना. तिला वाटलं, आता नाही म्हटलं की मंडप, मुकुट, मेंदीची रात्र, झखारियाचं घर. आणि मग शुक्रवारी संध्याकाळी मी शब्बाथचे दिवे लावीन, डोळ्यांवर हात घेईन, आणि त्या हाताआड कुणाच्या घरात उभी असेन? न्यायाधीशांना माहीत नाही म्हणून मी मोकळी. पण मला माहीत आहे. पोरं होतील, त्यांना शिकवावं लागेल.

“अंगठी त्यांच्या करंगळीतली होती,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की धाकट्या न्यायाधीशांनी कानाला हात लावला. तिनं पुन्हा सांगितलं. “सामानातली सापडली नाही. यांनी स्वतःची काढली. आजीची आहे म्हणाले.”

दारातून सईदाचा नुसता श्वास ऐकू आला.

थोरले न्यायाधीश गिओराकडे वळले. त्यानं टोपी काढली, मग इथे काढायची नसते हे आठवून पुन्हा घातली. “आजीची होती,” तो म्हणाला. “खरं आहे.”

“आजीनं दिली होती, की नुसती घालायला घेतली होतीस?”

“मला... मी लहानपणी हट्ट केला होता. ती म्हणायची, तुझीच आहे. प्रत्येक वेळी म्हणायची. पण मग रात्री परत मागून घ्यायची. शेवटी शेवटी मागायची विसरली.”

“दिली की विसरली?”

“आता ते मला कसं कळणार, रब्बी?” गिओरा म्हणाला, आणि त्या वर्षात पहिल्यांदा त्याला पुढचं वाक्य कुणी शिकवलेलं नव्हतं.

न्यायाधीश आत गेले. दार बंद झालं. धाकट्यांचा आवाज मधूनमधून चढत होता; ते तिच्या बाजूनं भांडत असावेत. ते बाहेर आले तेव्हा सगळ्यात आधी हदासाला त्यांचाच चेहरा दिसला, आणि पुढचं ऐकायची गरज उरली नाही. दोघांचं मत एक, तिसऱ्याचं वेगळं. मेलेल्या बाईच्या मनात काय होतं ते सांगता येत नाही. ज्यानं एकदा खोटं सांगितलं त्याच्या आठवणीवर मुलीचं आयुष्य तोलता येत नाही. शंका उरते. घटस्फोट व्हावा.

“तू खरं बोललीस,” थोरले न्यायाधीश तिला म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर झखारिया तिच्यासाठी थांबला होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“एक शब्द, हदासा,” तो म्हणाला. “एक शब्द तू गिळला असतास तर.”

“गिळला होता. किती दिवस गिळत होते. उतरला नाही.”

“मी तुझ्यासाठी खोटं विकत घ्यायला याफोपर्यंत गेलो. आणि तू माझ्यासाठी एवढंही...” त्यानं तिच्या मनगटाकडे पाहिलं, शिवायचं नाही असं कुणी बजावल्यासारखे हात पाठीमागे बांधले, आणि गाडीकडे निघून गेला. बाटल्या रस्ताभर किणकिणत गेल्या.

एलुलमध्ये, ज्या आठवड्यात मेंदी व्हायची होती त्याच आठवड्यात, लेखनिकानं घटस्फोटाचा कागद लिहिला. मोरी हसन आणि सालेम त्या दिवशी आले नाहीत. साक्षीदार दुसरे होते. हदासाला अंगावरचे दागिने काढून, हात जोडून ओंजळ धरायला सांगितलं. गिओरा कागद घेऊन समोर उभा राहिला. सवयीनं तो क्षणभर थांबला, कुणी तरी ‘चालू करा’ म्हणेल म्हणून. इथे तसं म्हणणारं कोणी नव्हतं, आणि चुकलं तर पुन्हा एकदा म्हणणारंही नव्हतं. त्यानं शब्द म्हटले. कागद तिच्या ओंजळीत पडला. तिनं तो काखेत धरला, दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. झालं.

“माफ कर,” तो हळूच म्हणाला. करंगळी रिकामी होती.

“तुम्ही खोटं माझ्यासाठीच बोललात,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे.”

घरी सईदानं मुकुट जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवून दिला. सिनेमा अजून उतरला नव्हता. बाजारात जाताना ती दोन गल्ल्या वळसा घालून जाई, पोस्टर नको म्हणून. हदासाशी ती फार बोलत नसे, पण पहाटे तिच्या आधी उठे, आणि वडिलांच्या खुर्चीजवळचा दिवा लावून ठेवी. स्तोत्रं आता अडकत नव्हती. सरळ येत. कोरड्या विहिरीत सोडलेल्या दोरासारखी, खाली काही न लागता, सरळ.

नव्या वर्षाआधीचा शेवटचा शब्बाथ आला. प्रार्थनाघरात बायका वरच्या सज्जात, जाळीआड. आशीर्वादाची वेळ झाली. कोहेन घराण्यातले पुरुष बूट काढून पुढे गेले, प्रार्थनेची शाल डोक्यावरून ओढून घेतली, हात उचलले. त्या वेळी त्यांच्याकडे कुणी बघायचं नसतं. तेही कुणाकडे बघत नाहीत. देव त्यांच्या बोटांच्या फटींतून बघतो, असं हदासाला वडिलांनी लहानपणी सांगितलं होतं.

करेममध्ये कोहेन थोडे. आवाज ओळखू येत. देव तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो: सुरुवात म्हाताऱ्यांनी केली, आणि मग मागून झखारियाचा आवाज आला, थोडा घोगरा, थोडा उशिरा. आज्ञाच असते तशी. प्रेमानं द्यायचा असतो आशीर्वाद, सगळ्यांना सारखा. कुणाला वगळता येत नाही.

सईदानं जाळी दोन्ही हातांनी धरली होती. हदासानं उजवा हात डोळ्यांवर घेतला, डाग कपाळाशी आला. त्याचा आवाज शेवटच्या शब्दाशी, ‘शांती’शी, येऊन अडखळला, थांबला. सगळं प्रार्थनाघर वाट बघत राहिलं. मग त्यानं तो शब्द म्हटला.

“आमेन,” खालच्या सगळ्यांबरोबर ती म्हणाली, आणि हात खाली घेतला नाही.